मिस्त्रींचा वारस आणि अकबर बादशाह

कोकणातल्या माणसाला मुंबई सेंट्रल सांगायला नको. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या आपल्या किती पिढ्या तिथल्या एसटी डेपोत ट्रंका आणि गाठोडी सांभाळत बसल्या असतील. आम्ही मीरा रोड-भाईंदरची माणसं चर्चगेटच्या गाडीने जाताना रोज ते स्टेशन मागे टाकतो. लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात ती मोठी इमारत १९३० साली उभी राहिली. नकाशा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुकाराचा. काम अवघ्या २१ महिन्यांत पुरं झालं, आणि ते करणाऱ्या कंपनीचं नाव शापूरजी पालनजी. तिथून चालत काही मिनिटांवर मराठा मंदिर थिएटर आहे. ५ ऑगस्ट १९६० या दिवशी त्या थिएटरात ‘मुघल-ए-आझम’ लागला. त्या चित्रपटाला पैसा पुरवणारे गृहस्थही तेच, शापूरजी पालनजी मिस्त्री.

‘मुघल-ए-आझम’ म्हटलं की आपल्या घरांत के. आसिफ आठवतात, युसुफसाहेब आठवतात, मधुबाला आठवते, नौशाद आणि शकील बदायुनी आठवतात. शापूरजींचं नाव कोणी घेत नाही. पडद्यावर ते येतं आणि तेवढ्यात जातंही. या सदरात आपण आजवर बहुतेक आपल्याच समाजातल्या घराण्यांबद्दल बोललो. या महिन्यात एका पारशी घराण्याकडे वळते आहे, त्याला कारण भाईंदरच्या एका भगिनीचं पत्र. पत्राकडे येतेच. आधी शापूरजी.

मिस्त्री हे आडनावच काय ते सांगून जातं. शापूरजींचे वडील पालनजी मिस्त्री यांनी १८६५ साली एका इंग्रजाच्या भागीदारीत ‘लिटलवुड पालनजी’ नावाची बांधकाम कंपनी काढली. सुरुवातीचं काम गिरगाव चौपाटीवरच्या फुटपाथचं. पुढे मलबार हिलवरची पाण्याची टाकी त्यांनी बांधली आणि त्या टाकीने मुंबईला शंभर वर्षांहून अधिक काळ पाणी पाजलं. शापूरजींना वारशात जे मिळालं ते हे होतं: फुटपाथ नीट घालण्याची सवय, वेळेवर काम देण्याचं नाव, आणि बाजारातली पत. जमीनजुमला आणि शिल्लक रक्कमही असेलच. पण बांधकामाच्या धंद्यात शिल्लक रक्कम एका पावसाळ्यात संपू शकते. पत तेवढी उरते.

शापूरजींनी ती पत अनेक पटींनी वाढवली. फोर्टमधल्या कितीतरी बँकांच्या इमारती, रिझर्व्ह बँक, ब्रेबॉर्न स्टेडियम आणि मुंबई सेंट्रल ही कामं त्यांच्या कंपनीची. पुढे टाटा सन्समधला हिस्साही त्यांच्याकडे आला. पुढच्या पिढीत तो वाढत १८ टक्क्यांच्या वर गेला. इतकं सगळं करून शापूरजी स्वतः प्रसिद्धीपासून लांबच राहिले. त्यांचा मुलगा पालनजी १९४७ साली अठराव्या वर्षी कंपनीत आला आणि तोही वडिलांसारखाच. वर्तमानपत्रवाल्यांना त्याचा फोटो मिळवायला घाम फुटायचा.

आता हा बांधकामवाला सिनेमात कसा आला?

के. आसिफ हे इटाव्याचे. त्यांच्या नावावर तोवर एकच चित्रपट होता, १९४५ चा ‘फूल’. सलीम-अनारकलीवर भव्य चित्रपट काढायचं वेड त्यांनी त्याआधीच घेतलं होतं. त्या वेळी पैसा देणारे होते शिराज अली हकीम, फेमस स्टुडिओचे मालक. अकबर म्हणून चंद्रमोहन, सलीम म्हणून सप्रू, अनारकली म्हणून नर्गिस अशी नावं ठरली, काही चित्रीकरणही झालं. मग फाळणी आली. हकीम सगळं इथे टाकून पाकिस्तानात गेले. १९४९ साली चंद्रमोहन वारले. आसिफ यांच्या हाती ना सेठ राहिला, ना बादशाह.

हकीम यांनीच कधीतरी आसिफना शापूरजींचं नाव सुचवलं होतं, असं सांगतात. त्या काळात मुंबईत कोण गेलं आणि कोण राहिलं यावर लोकांच्या जागा, दुकानं, भागीदाऱ्या मोडत होत्या. आपल्यातल्या अनेक घरांनी ते पाहिलं आहे. आजोबांचा एक भाऊ कराचीला, एक नागपाड्यात, अशी कुटुंबं आजही आहेत. अशा दिवसांत एका मुसलमान दिग्दर्शकाने एका पारशी कंत्राटदाराकडे जावं आणि मुघल बादशाहावर चित्रपट काढायला पैसे मागावेत, आणि त्याने ते द्यावेत. शापूरजींना चित्रपटाच्या धंद्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना अकबर आवडायचा, अकबराचा इतिहास आवडायचा, म्हणून १९५० साली त्यांनी होकार दिला.

तो होकार पुढे दहा वर्षं चालला.

एक गोष्ट इथे स्पष्ट करते, कारण मुलं परीक्षेच्या पेपरात अनारकलीला अकबराच्या दरबारात बसवून मोकळी होतात. अबुल फजलच्या अकबरनाम्यात अनारकली नाही. जहांगीरने स्वतः लिहिलेल्या आठवणींतही नाही. आपल्याला माहीत असलेली कहाणी मुख्यतः इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या उर्दू नाटकावरून आली. म्हणजे शापूरजींना आवडणारा अकबर इतिहासातला, आणि आसिफना हवी होती ती अनारकली नाटकातली. चित्रपट निघाला दोघांचा मिळून. नीट पाहिलं तर त्यात पृथ्वीराज कपूर यांचा अकबर प्रेमिकांच्या बरोबरीने उभा आहे. शीर्षकही अनारकलीचं नाही, बादशाहाचं आहे. ज्याने पैसे घातले त्याची आवड तिथे दिसते, असं मला वाटतं.

नव्या पात्रयोजनेत दिलीपकुमार, मधुबाला आणि जोधाबाईंच्या भूमिकेत आपल्या मराठी दुर्गाबाई खोटे. गंमत अशी की नायकही वारसदारच. युसुफ खान हे पेशावरहून आलेल्या फळांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. क्रॉफर्ड मार्केटचा व्यापार त्यांना मिळायचा होता, आणि वडिलांना सिनेमाचा धंदा पसंत नव्हता. त्या वारसाने फळांचा धंदा सोडला. बांधकामाच्या वारसाने धंदा सोडला नाही. दोघे एकाच चित्रपटाच्या दोन टोकांना उभे राहिले.

खर्चाच्या कथा सगळ्यांनी ऐकल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच फुगवलेल्या असतील, पण मूळ आकडेच इतके मोठे आहेत की फुगवायची गरज नव्हती. तेव्हा चांगला चित्रपट काही लाखांत होत असे. ‘मुघल-ए-आझम’चा खर्च एक कोटीच्या वर, काहींच्या मते दीड कोटीपर्यंत गेला. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल उभारायला दोन वर्षं लागली आणि त्या एका सेटवर दहा लाखांहून अधिक रुपये गेले. काचकाम करायला फिरोजाबादचे कारागीर आले. दिल्लीचे शिंपी, सुरतेचे जरीवाले, हैदराबादचे सोनार, आग्र्याचे चर्मकार, राजस्थानचे लोहार, आणि मुकुटांसाठी आपल्या कोल्हापूरचे कारागीर. लढाईच्या प्रसंगाला लष्करातले खरे जवान उभे केले. बडे गुलाम अली खाँसाहेबांना गाण्यासाठी प्रत्येकी २५ हजार रुपये दिले, तेव्हा लताबाई आणि रफीसाहेबांसारख्या गायकांना एका गाण्याचे काही शेच मिळत. खाँसाहेबांना गायचंच नव्हतं, म्हणून त्यांनी अशक्य वाटेल अशी रक्कम सांगितली, आणि आसिफ ‘ठीक आहे’ म्हणाले, असा किस्सा आहे.

शीशमहाल उभा राहिला तर त्याचं चित्रीकरण होईना. काचांवर दिवे पडले की सगळीकडे झगझगाट. बाहेरच्या जाणकारांनी हात वर केले. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी कापडाच्या पट्ट्या वगैरे लावून उजेड मऊ केला आणि काम पुढे सरकलं. यात दिवस गेले, आणि सेटवरचा प्रत्येक दिवस म्हणजे शापूरजींच्या खात्यातून रक्कम. शिवाय बरेच प्रसंग तीन-तीनदा घेतले जात होते, कारण चित्रपट तमिळ आणि इंग्रजीतही काढायचा बेत होता. तमिळ आवृत्ती १९६१ साली आली आणि पडली. इंग्रजीचा नाद मग सोडून दिला. दरम्यान १९५३ साली फिल्मिस्तानचा ‘अनारकली’ येऊन धो-धो चालून गेला होता. तीच कहाणी, बीना राय आणि प्रदीपकुमार. दुसरा कोणी सेठ असता तर त्याच दिवशी वही मिटली असती.

शापूरजी चिडले नाहीत असं मुळीच नाही. शीशमहालाच्या वेळी तर दोघांत चांगलंच वाजलं. आसिफना काढून सोहराब मोदींकडे काम द्यावं, इथवर गोष्ट गेली होती. सोहराब मोदी स्वतः पारशी, ‘पुकार’सारखा मुघल काळावरचा चित्रपट केलेले, आणि ठरल्या वेळेत काम देणारे. हिशेबाने पाहिलं तर शापूरजींचं चुकत नव्हतं. तरी काम अखेर आसिफ यांच्याकडेच राहिलं. ज्या माणसाने स्वतः २१ महिन्यांत स्टेशन उभं केलं, तो एका सेटसाठी दोन वर्षं थांबला.

ईदचा एक किस्सा त्या चित्रपटाशी जोडलेली माणसं सांगत आली आहेत. एका ईदला शापूरजी आसिफ यांच्या घरी चांदीच्या तबकात सोन्या-चांदीची नाणी आणि वर लाखभर रुपये घेऊन गेले. ईदी म्हणून. आसिफ भाड्याच्या घरात राहणारे, साधे कपडे घालणारे. त्यांनी मान म्हणून थोडं ठेवून घेतलं आणि रक्कम परत केली. म्हणाले, यातून मला खरे मोती आणून द्या, सलीम परत येतो त्या प्रसंगात जमिनीवर पडताना खऱ्या मोत्यांचा आवाज हवा आहे. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण पारशी सेठ ईदला तबक घेऊन मुसलमानाच्या दारी जातो, एवढं तरी मला त्यात खरं वाटतं. तशी मुंबई आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे.

आता प्रश्न इसराफचा. सिनेमा पाहावा की पाहू नये यावर आपल्या घरांत एकमत नाही, आणि त्या वादात मी या सदरात पडत नाही. पण दहा लाखांचा काचमहाल, तोही काही मिनिटांच्या गाण्यासाठी, ही उधळपट्टी नाही का? माझ्या एका सहकारी शिक्षिकेने हे मला तोंडावर विचारलं. माझं उत्तर अर्धं-अर्धं आहे. मोत्यांचा आवाज खरा हवा म्हणून खरे मोती, हा हट्ट मला पटत नाही. ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळला असेल असंही वाटत नाही. पण फिरोजाबादच्या काचकाम करणाऱ्याच्या घरी त्या दोन वर्षांत चूल पेटली, कोल्हापूरच्या कारागिराला काम मिळालं, ते पैसे काही हवेत गेले नाहीत. आपण लग्नात हॉलच्या सजावटीवर जो खर्च करतो त्याचा दुसऱ्या दिवशी काय मागमूस राहतो? इथे निदान पासष्ट वर्षांनंतरही ते काम पाहायला मिळतं.

पैसे परत कसे आले, हेही पाहा. तेव्हा वितरक देशाचे प्रांतवार भाग पाडून चित्रपट विकत घेत, त्याला टेरिटरी म्हणत. साधारण मोठ्या चित्रपटाला एका टेरिटरीचे तीन-चार लाख मिळत. ‘मुघल-ए-आझम’ला १७ लाखांपर्यंत भाव गेला असं सांगितलं जातं. लोकांनी तिकिटांसाठी मराठा मंदिरसमोर दिवसेंदिवस रांगा लावल्या, घरून डबे मागवले, पोलीस आले. दीड रुपयाचं तिकीट शंभर रुपयांना विकलं गेल्याच्या कथा आहेत. चित्रपटाची रिळं सजवलेल्या हत्तीवरून आली. एकाच वेळी देशभर दीडशे थिएटरांत तो लागला. पुढे पंधरा वर्षं, ‘शोले’ येईपर्यंत, कमाईत त्याच्या पुढे कोणी गेलं नाही. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळालं. शापूरजींचे पैसे व्याजासकट फिटले. पण काचा बसवणं चालू असताना हे कोणाला माहीत होतं?

भाईंदरच्या भगिनीचं पत्र आता काढते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, हे इथल्या वाचकांना माहीत आहे. दिवसभर पत्रा कापण्याचा आणि पॉलिशचा आवाज. त्यांच्या सासऱ्यांनी सुरू केलेला असा एक गाळा त्यांचे पती चालवतात. मुलगा चोवीस वर्षांचा, बी. कॉम. झालेला. त्याचं म्हणणं, अब्बा, गाळा विकू, मित्र चित्रपट काढतोय, त्यात पैसे घालू, मी निर्माता होतो. दोन मुली आहेत, एकीचं लग्न झालं आहे. पत्रात त्या लिहितात, “बाजी, गाळा शेवटी त्याचाच आहे ना? हक्काच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर रात्री झोप लागत नाही.”

ताई, आधी हक्काचं बोलू. गाळा त्याचा नाही. त्याचे अब्बा हयात आहेत, अल्लाह त्यांना सलामत ठेवो, आणि बाप हयात असताना मुलाचा वारसाहक्क सुरूच होत नाही. शरियतमध्ये वारसा मृत्यूनंतर, कफन-दफनाचा खर्च, देणी आणि वसियत भागवून मग वाटला जातो. तोवर गाळा तुमच्या पतीचा. आणि वाटायची वेळ आली की सूरह निसामध्ये मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीचा ठरलेला आहे. तुमच्या घरात एक मुलगा, दोन मुली. म्हणजे मुलांच्या वाट्याला जे येईल त्यातलं अर्धं मुलाचं आणि अर्धं दोन्ही मुलींचं. लग्न झालेल्या मुलीचंही. “तिचं लग्नात दिलं” हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण शरियतमध्ये त्याला जागा नाही.

आता गाळा विकून आजच मुलाला रक्कम दिली तर तो वारसा नव्हे, ती हिबा म्हणजे भेट झाली. आणि भेट देताना मुलांमध्ये न्याय करा, हे हुजूर सल्लल्लाहू अलैहि व सल्लम यांनी नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांना स्पष्ट सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. एका मुलाला दिलं, बाकीच्यांना नाही, तर तिथे साक्षीला उभं राहायलाही त्यांनी नकार दिला. म्हणून आधी दोन्ही मुलींना बसवा आणि त्यांच्यासमोर बोला. मोठीला फोन करून नव्हे, घरी बोलावून. तुमच्या पत्रात मुलींची मतं कुठेच नाहीत, हे वाचताना मला खटकलं. नेमका हिशेब आणि कागदपत्रं जाणकार मौलाना आणि वकील यांना दाखवून घ्या, मी शिक्षिका आहे.

दुसरी गोष्ट धंद्याची. शापूरजींचं उदाहरण तुमचा मुलगा उद्या तुम्हाला देईल, कारण मीच ते छापते आहे. तेव्हा त्याला हेही वाचून दाखवा. शापूरजींनी चित्रपटासाठी कंपनी विकली नाही. १९५० साली त्यांच्या मागे बांधकामाची कित्येक दशकं होती. चित्रपट बुडाला असता तर त्यांना झळ बसली असती, पण कामगारांचा पगार थांबला नसता. निर्मात्याचा पैसा सगळ्यांच्या आधी जातो आणि सगळ्यांच्या शेवटी परत येतो. आधी थिएटरवाला आपला वाटा घेतो, मग वितरक, मग व्याजाने दिलेला सावकार, आणि उरलं तर निर्माता. कितीतरी चित्रपट तयार होऊन डब्यात राहतात, त्यांना थिएटरच मिळत नाही. गाळ्यात पत्रा उरला तर तो निदान वजनावर विकता येतो.

व्याजाचा मुद्दा मी फक्त टेकवून पुढे जाते. तुम्ही जाणताच.

पण मुलाला सरळ “नाही” म्हणू नका. त्याची हौस खोटी नसेल. आपल्या मीरा रोडच्या आसपास, काशिमिरा-घोडबंदरच्या बाजूला आणि खाडीपलीकडे नायगावला मालिकांचे सेट लागतात. आपल्याच वस्तीतले सुतार, रंगारी, ड्रेसवाले, लाइटमन रात्रपाळी करून सकाळी पहिल्या रिक्षाने घरी येताना दिसतात. मुलाला म्हणा, एक वर्ष तिथे प्रॉडक्शनच्या हाताखाली काम कर, दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब सांभाळ. चहाची बिलं, गाडीभाडं, जनरेटरचं डिझेल, कामगारांची रोजी. बी. कॉम. झालेल्या मुलाला तिथे काम मिळणं कठीण नाही. आणि संध्याकाळी आठवड्यातून दोन दिवस गाळ्यावर बस. गाळ्याला या वर्षी नफा झाला तर त्यातला किती भाग हौसेला घालायचा, हे तुम्ही चौघं-पाच जण बसून ठरवा. मित्राशी भागीदारी करायची तर कागदावर, साक्षीदारांसह. देण्याघेण्याचं लिहून ठेवण्याबद्दल कुरआनमधली सगळ्यात लांब आयत आहे, ती त्याने वाचली नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

शापूरजी १९७५ साली गेले. त्याच दशकात त्यांचा मुलगा पालनजी ओमानच्या सुलतानाचा महाल बांधत होता. वडिलांनी काच आणि प्लॅस्टरचा मुघल महाल पाहिला, मुलाने मस्कतमध्ये दगडाचा खरा बांधला. के. आसिफ त्याआधीच, ९ मार्च १९७१ रोजी, आपला पुढचा चित्रपट अर्धवट ठेवून वारले होते.

चित्रपटाला मिस्त्री घराण्याने मात्र अंतर दिलं नाही. मूळ चित्रपटातली शीशमहालाच्या गाण्यासारखी काहीच रिळं रंगीत होती. संपूर्ण चित्रपट पुन्हा रंगीत काढायचा आसिफ यांचा हट्ट तेव्हा वितरकांनी चालू दिला नव्हता. शापूरजींच्या वारसांनी एकेक चौकट साफ करून घेतली, रंग भरून घेतले आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीच्या दिवशी, तो पुन्हा थिएटरांत लावला. दोन-तीन दिवसांनी ईद होती. २०१६ साली त्याच घराण्याच्या कंपनीने फिरोज अब्बास खान यांच्याकडून तो रंगमंचावरही आणला. त्याच ऑक्टोबर महिन्यात शापूरजींचे नातू सायरस यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवण्यात आलं. घराण्याचं नाव त्या महिन्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरही होतं आणि नाटकाच्या जाहिरातीतही. पालनजी जून २०२२ मध्ये वारले. सायरस त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या काशिमिऱ्यावरून जाणाऱ्या अहमदाबाद महामार्गावर पालघरजवळ, उदवाड्याहून परतताना अपघातात गेले.

पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर १९६५ पासून बंदी होती. २००६ साली रंगीत ‘मुघल-ए-आझम’ला तिथे परवानगी मिळाली आणि तो लाहोरला लागला. अनारकलीची म्हणून दाखवतात ती कबर त्याच शहरात आहे. शिराज अली हकीम ज्या देशात निघून गेले होते, तिथे त्यांनी सुरू केलेला चित्रपट शापूरजींच्या वारसांनी रंगवून पाठवला, तोवर साठ वर्षं होऊन गेली होती.